साडेसातचा अंदाज

हार्लन थोरसनचा आवाज रेडिओवर घ्यावा असा मुळीच नाही. नाकातून येतो, आणि आकडा सांगायच्या आधी दरवेळी तो घसा खाकरतो. तरी बारा वर्षं झाली, आमच्या वस्तीची सकाळ त्याच्याच खाकरण्यानं होते. वस्तीच्या सामायिक लाँड्रीच्या छपरावर एक जुनाट भोंगा बसवलेला आहे. बरोबर साडेसातला तो खरखरतो आणि हार्लन सुरू होतो: "सुप्रभात मंडळी. आजचा आपल्या भागाचा हवामानाचा अंदाज." मग कमाल, किमान, वारा, धूळ, पुढचे सात दिवस. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं कानात बोटं घालावीत. मी पहिली दोन वर्षं घातली होती.

फिनिक्स शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. सगळी पत्र्याची चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, आणि सगळे म्हातारे. थंडीत दीडशे घरं भरतात, कारण उत्तरेकडची पैसेवाली मंडळी ऊन खायला येतात. एप्रिल उजाडला की ती पळतात. उन्हाळ्यात उरतो आम्ही, ज्यांना पळायला दुसरी जागाच नाही. गेल्या जुलैत आम्ही तेवीस घरं होतो.

हार्लन मूळचा पार उत्तरेचा, गव्हाच्या मुलखातला. धान्याच्या कोठारावर बत्तीस वर्षं वजनं केली. बायकोच्या सांध्यांसाठी इकडे आला, बायको गेली, तो राहिला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पहाटे पाचला उठून हवामानाचा रेडिओ लावतो आणि एका पिवळ्या वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घेतो. मग तेच लाँड्रीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहितो. मी एकदा त्याला म्हणाले, "अरे, टीव्हीवर एक गोरीपान बाई हेच सगळं हसत हसत सांगते. तू कशाला घसा फोडतोस?"

तो हसला नाही. म्हणाला, "एल्विरा, मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्याकडे बर्फाचं वादळ आलं. रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं. आईचं डोकं दुखत होतं म्हणून तिनं रेडिओ बारीक केला. माझा भाऊ गुरांना बघायला म्हणून बाहेर पडला आणि गोठ्यापासून चाळीस पावलांवर गोठून मेला. अंदाज होता. ऐकणारं कोणी नव्हतं."

त्यानंतर मी कानात बोटं घालणं बंद केलं. माझं तोंड तिखट आहे, हे सगळी वस्ती सांगेल, पण मी दगड नाही.

पडद्याची पद्धतसुद्धा त्याचीच. बारा वर्षांपूर्वी नऊ नंबरचा प्रुइट चार दिवस घरात मरून पडला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. त्या दिवशी हार्लननं वस्तीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं आणि नियम केला. सकाळी आठच्या आत प्रत्येकानं आपल्या पुढच्या खिडकीचा पडदा दोरी ओढून वर करायचा. पडदा वर म्हणजे माणूस ठीक. आठनंतर कोणाचा खाली दिसला तर ज्याच्याकडे ते घर दिलं आहे त्यानं जाऊन दार ठोठावायचं. दार उघडलं नाही तर हार्लनकडे पळायचं. या पद्धतीनं तीन माणसं वाचली, त्यातली दोन अजून माझ्याशी भांडायला हयात आहेत. बारा वर्षांत आमच्या डोळ्यांना अशी सवय लागली की रस्त्यानं जाताना आम्ही माणसांकडे बघायच्या आधी खिडक्यांकडे बघतो.

माझ्याकडे वेल्डाचं घर होतं.

वेल्डा नेब्रास्काची. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज असा की एका हाकेत पन्नास पोरं गप्प व्हावीत. एकोणऐंशीची होती. जेलीत गाजर घालून जे काही ती करायची त्याला ती सॅलड म्हणायची आणि मला खायला लावायची. मी तिला निवडुंगाची भाजी आणि गरम टॉर्टिया, आमच्याकडच्या पातळ पोळ्या, द्यायचे, तर म्हणायची, "एल्विरा, काटे नीट काढलेस ना बये? का मला मारायचा बेत आहे?" सात वर्षं आम्ही एकमेकींचं डोकं खाल्लं. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी इतकी बोललेली नाही.

दुपारी चारला हार्लन तिच्याकडे पत्ते खेळायला जायचा. रोज. गुण मोजायची भोकांची लाकडी पट्टी काखेत मारून, केस पाण्यानं बसवून. वस्तीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं की तो का जातो. मलाही ठाऊक होतं. आणि आता लपवायचं तरी कशाला, मला ते आवडत नव्हतं. मी विधवा आहे, चौऱ्याहत्तरची आहे, पण मन काही वय विचारून चालत नाही.

जुलैच्या सुरुवातीला, एका बुधवारी, मी लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालत होते. हार्लन आपले कपडे घेऊन आला, मी त्याच्या दोन शर्टांच्या घड्या घालून दिल्या. तो गेला. वेल्डा कोपऱ्यात बसली होती. चारचौघींच्या देखत मोठ्यांदा म्हणाली, "काय गं एल्विरा, तुझे कपडे नेमके हार्लनच्या वेळेलाच कसे मळतात?"

सगळ्या हसल्या. मला घाम फुटला. खोटं असतं तर मीही हसले असते. मी म्हणाले, "तुझी जीभ झडो वेल्डा," आणि टोपली उचलून निघून आले. ती मागून हाक मारत होती, "अगं थट्टा केली! ए बये!" मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साडेसातला भोंगा खरखरला आणि हार्लन नेहमीपेक्षा दोनदा जास्त खाकरला.

"मंडळी, नीट ऐका. आपल्या भागासाठी अतितीव्र उष्णतेचा इशारा आहे. आज एकशे चौदा. शनिवारपासून एकशे सतरा, त्याच्याही वर जाईल. रात्री पारा त्र्याण्णवच्या खाली येणार नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत तरी सुटका नाही." सीमेपलीकडे हर्मोसियोला माझी बहीण राहते, ती आमच्यासारखं फॅरनहाइटमध्ये नाही, सेल्सियसमध्ये मोजते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सत्तेचाळीस! एल्विरा, तुम्ही माणसं तिथे राहता कशाला?" मी म्हणाले, हौस म्हणून.

हार्लन पुढे वाचत होता. "अंदाजात म्हटलं आहे, उन्हाच्या बाजूच्या खिडक्या दिवसभर झाकून ठेवा. तेव्हा आजपासून मी सांगेपर्यंत कोणीही पडदा वर करायचा नाही. कोणीही नाही. ज्यांच्याकडे फक्त पाण्याचा कूलर आहे त्यांनी दुपारी बारा ते सात हॉलमध्ये येऊन बसायचं. तिथे एसी आहे."

त्या दुपारी हॉलमध्ये बर्टानं, पंधरा नंबरच्या, विचारलं, "पडदे खाली तर मग आम्ही जिवंत आहोत हे तुला कळणार कसं रे?"

हार्लन म्हणाला, "तुझी बडबड ऐकू आली की कळेल." सगळे हसले. मग गंभीरपणे म्हणाला, "कूलरवाले इथे दिसतील. बाकीच्यांकडे फोन आहे. आणि ज्याच्याकडे जे घर दिलंय त्यानं लक्ष ठेवायचंच आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

वेल्डाकडे एसी नव्हता, छपरावर कूलर होता. ती हॉलमध्ये आली नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. मी हॉलमध्ये बर्फाच्या पाण्याची घागर सांभाळत होते, आणि ती का येत नाही ते मला पक्कं माहीत होतं. मीही गेले नाही. आणि खरं सांगते, पडदे खाली ठेवायचा हुकूम निघाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आठ वाजता तिच्या खिडकीकडे बघायची कटकट सुटली. रविवारी पहाटे ती कुंड्यांना पाणी घालताना दिसली. तिनं हात वर केला. मी मान फिरवली.

त्या दिवसांचं काय सांगू! गार पाण्याचा नळ सोडला तर उकळतं पाणी यायचं. दाराच्या मुठीला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नव्हता. अंगाची नुसती लाही लाही. माणसं हॉलमध्ये भिंतीला टेकून बसायची आणि एकमेकांशी बोलायचीसुद्धा नाहीत, कारण बोलायला तोंडात ओल लागते. हार्लन तेवढा ताठ. पत्ते बंद, चारची फेरी बंद. दिवसभर हॉलमध्ये कोणाची नाडी बघ, कोणाच्या मानेवर ओला रुमाल ठेव. संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्याचे पाय लटपटायचे. पण रोज दुपारी तो मला एकच विचारायचा, "वेल्डा नाही आली?"

आणि रोज ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. इथे मी सकाळपासून राबते आहे, ते दिसत नाही. वेल्डा, वेल्डा!

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी पोस्टाच्या पेट्यांकडे गेले. पेट्या वेल्डाच्या गल्लीच्या टोकाला आहेत. तिच्या दोन्ही बाजूची घरं बंद, माणसं उत्तरेला गेलेली. सगळ्या गल्लीत पडदे खाली, काहींच्या काचांना आतून चांदीचा कागद लावलेला. आणि वेल्डाचा पडदा वर. सरळ नाही, एका बाजूनं तिरपा ओढलेला, पण वर.

मी तिच्या दारासमोर थांबले. मला तो क्षण नीट आठवतो, विसरता येत नाही म्हणून आठवतो. मनात म्हटलं, बघा बाईचा ताठा! सगळ्या वस्तीचे खाली आणि हिचा वर! हार्लनचंसुद्धा ऐकायचं नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो बारा वर्षांच्या सवयीचा. पडदा वर आहे, म्हणजे ठीक आहे. दोन पावलांवर दार होतं. मी पेटीतली पत्रं घेतली आणि चपला फटफटवत घरी आले.

दुपारी हार्लननं विचारलं, "वेल्डा? मी फोन केला, उचलत नाही."

"ती कधी उचलते? फोन ड्रॉवरमध्ये असतो तिचा," मी म्हणाले. "बरी आहे. सकाळीच तिच्या दारावरून आले."

"बरी आहे ना नक्की?"

"अरे बाबा, बरी आहे म्हटलं ना! किती वेळा सांगू?"

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवणारच. ते घर माझ्याकडे होतं.

बुधवारी सकाळी अंदाज बदलला. हार्लन भोंग्यावर म्हणाला, "पारा आज चार अंशांनी उतरेल, पण खूश होऊ नका. दक्षिणेकडून दमट हवा येते आहे. दमट हवेत कूलर नुसताच वारा फिरवतो, गारवा देत नाही. कूलरवाल्यांनी दहालाच हॉलमध्ये यायचं. आज घरी कोणी राहायचं नाही. मी मोजणार आहे."

अकरा वाजता त्यानं मोजलं. कूलरची घरं सात. माणसं आली होती सहा.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "एल्विरा, काल तू तिला बघितलंस?"

"दारावरून गेले म्हटलं ना."

"बघितलंस का?"

मी घागरीवरचं झाकण नीट केलं. तो वळला आणि टोपी न घेताच बाहेर पडला. मीही धावले. ब्याऐंशीचा माणूस त्या उन्हात पळत होता आणि मी मागून ओरडत होते, "अरे हळू! पडशील मेल्या!" डांबराचा रस्ता चपलांना चिकटत होता. अंगाला हवा लागत नव्हती, श्वास घ्यावा तर नाकात वाफ.

वेल्डाच्या गल्लीत वळलो आणि हार्लन एकदम थांबला. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाला, "वर आहे. पडदा वर आहे." त्याचा चेहरा असा खुलला की मला रडू आलं. मीही सुटकेचा श्वास टाकला. शप्पथ सांगते, टाकला. बारा वर्षांची सवय!

मग त्याचा चेहरा उतरत गेला. माझ्याकडे न बघता तो हळू म्हणाला, "पण मी तर सगळ्यांना खाली ठेवायला सांगितलं होतं." आणि पुढच्या क्षणाला तो पुन्हा पळत होता. त्याला जे दहा मोजायच्या आत कळलं ते मला आदल्या दिवशी दारात उभं राहून कळलं नव्हतं.

दार आतून बंद. हार्लननं खिडकीला तोंड लावलं आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. मी वाकून बघितलं. खिडकीखाली जमिनीवर वेल्डा पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. पडद्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली. खिडकी पश्चिमेची. आदल्या दिवशी दुपारभर ऊन सरळ तिच्या अंगावर आलं होतं.

हार्लननं कुंडी उचलून काच फोडली. आत भट्टी होती. कूलर घरघरत होता आणि गरम वारा फेकत होता. तिचं अंग हाताला चटका लागेल इतकं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, ओठ फुटलेले. पण श्वास चालू होता. मी फोन केला, फ्रिजमधलं सगळं बर्फ तिच्या काखेत, मानेखाली ठेवलं. हार्लन खिशातली पिवळी वही काढून तिला वारा घालत होता आणि एकसारखा म्हणत होता, "वेल्डा, मी आलोय. वेल्डा, चार वाजले. पट्टी आणलीय मी." त्यानं काही आणलं नव्हतं.

मग त्यानं मान वर केली. "हा पडदा कधीपासून वर आहे?"

मी म्हणाले, "काय माहीत."

ते दोन शब्द मी बोलले. बर्फ माझ्या हातात वितळत होतं आणि मी ते बोलले.

गुरुवारी दुपारी दवाखान्यात तिला अर्धा तास शुद्ध आली. हार्लन तिच्या मुलीला फोन करायला बाहेर गेला होता, खोलीत मी एकटी. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. तो पन्नास पोरांना गप्प करणारा आवाज कुठेच नव्हता. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"सोमवारी संध्याकाळी पडले," ती म्हणाली. "कंबर मोडली. फोन ड्रॉवरमध्ये. रात्रभर सरकत सरकत खिडकीपाशी आले. दोरी हाताला लागली." बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. "म्हटलं, सगळ्यांचे खाली आहेत. माझा एकटीचा वर दिसला की कोणीतरी येईलच."

मी तिचा हात धरला होता.

"तुझ्या चपला ऐकल्या मी," ती म्हणाली. "फटफट फटफट. थांबल्या. मी हाक मारली गं. पण कूलर केवढा मोठ्यानं चालतो."

"वेल्डा," मी म्हणाले.

"मग गेल्या," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. रागानं नव्हती म्हणत. झालं ते सांगत होती. शुक्रवारी पहाटे ती गेली.

शुक्रवारी साडेसातला भोंगा खरखरला नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. उष्मा हटला नव्हता. फळ्यावर गुरुवारचेच आकडे. बारा वर्षांत माणसांना इतकी सवय झाली होती की कोणाला काही सुचेना. कूलरवाले हॉलमध्ये कधी यायचं ते विचारत फिरत होते. तीन नंबरचा म्हातारा भर दुपारी कुत्र्याला फिरवायला निघाला आणि रस्त्यात भोवळ येऊन पडला. बर्टा माझ्या दारात येऊन म्हणाली, "तू जा बाई त्याच्याकडे. आम्ही हाका मारून थकलो. तुझं ऐकेल."

माझं! मी हसले, तसं हसू कोणाला येऊ नये.

रविवारी तीनला गेले. हार्लनच्या खिडकीवर पडदा खाली, आतून चांदीचा कागद. मी ठोठावलं. खूप वेळानं दार उघडलं आणि आतून जी धग आली ती मला ओळखीची होती. त्यानं आपला एसी बंद केला होता. शर्ट अंगाला चिकटलेला, डोळे खोल गेलेले. टेबलावर ती पत्त्यांची पट्टी. पाण्याचा ग्लास भरलेला, न शिवलेला.

"हार्लन! काय चालवलंयस हे? मरायचंय का?"

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "पडदे मी बंद करवले, एल्विरा. माणसं जिवंत आहेत हे सांगायची एकच खूण होती आपल्याकडे, ती मी काढून घेतली. अंदाज वाचला आणि माणसं विसरलो. आई रेडिओ बारीक करून चुकली. मी मोठा करून चुकलो." तो माझ्याकडे बघत होता. "तिला मी मारलं."

मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. वेल्डा गेली होती. त्यानं तसंच मानलं असतं आणि आमची सोबत राहिली असती, कदाचित चार वाजता पट्टी घेऊन तो माझ्याकडे आला असता. हे सगळं माझ्या मनात आलं. आलं म्हणून सांगते. पण त्या खोलीत तो आज ना उद्या मरणार होता, हेही मला दिसत होतं.

"पडदा मंगळवारी सकाळी वर होता," मी म्हणाले. "मी बघितला."

त्याला कळलं नाही. "काय?"

"पोस्टाच्या पेट्यांकडे जात होते. वेल्डाचा पडदा वर होता. मी थांबले. बघितलं. आणि गेले. तिनं माझ्या चपला ओळखल्या, हार्लन. तिनं हाक मारली. दवाखान्यात सांगितलं तिनं मला."

"आणि दुपारी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा बरी आहे म्हणाले."

"भांडण झालं होतं म्हणून?"

"भांडण झालं होतं म्हणून. आणि तू रोज तिचंच नाव घेत होतास म्हणून." मला रडू आवरेना. "तुझा हुकूम नव्हता रे. तुझ्या हुकमातूनसुद्धा तिनं वाट काढली होती. दारात मी होते. मी ठोठावलं नाही."

मला वाटलं ओरडेल, हाकलून देईल. मला ते हवं होतं. तो उठला, भिंतीला धरत धरत गेला आणि एसीचं बटण दाबलं. परत येऊन पाण्याचा ग्लास उचलला आणि घोट घोट करून सगळा संपवला. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "घरी जा. बाहेर ऊन आहे."

सोमवारी साडेसातला भोंगा खरखरला. आवाज बसलेला होता. "सुप्रभात मंडळी. आजचा आपल्या भागाचा हवामानाचा अंदाज. एकशे चौदा. वारा नाही. पडदे खालीच ठेवा. पडद्याची पद्धत आजपासून बंद. कोणाचं घर आता कोणाकडे नाही. रोज सकाळी सात वाजता मी प्रत्येक दार ठोठावीन आणि मग अंदाज वाचीन."

तेव्हापासून तो काठी टेकत तेवीस घरं फिरतो, म्हणजे आता बावीस. एक वर्ष झालं. बर्टाच्या दारात तो विचारतो, "काय गं, अजून बडबडतेस का?" तीन नंबरच्या म्हाताऱ्याला कुत्र्यावरून चिडवतो. पातळ भिंतींतून मला सगळं ऐकू येतं. मग त्याची काठी माझ्या पायऱ्यांवर वाजते आणि तो दोनदा ठोठावतो.

मी आतून म्हणते, "आहे."

तो दुसरं काही बोलत नाही. त्या रविवारनंतर एक शब्द नाही. हॉलमध्ये मी पाणी दिलं तर घेतो, मान हलवतो. चार वाजता तो पट्टी घेऊन कोणाकडेच जात नाही. मी मात्र सकाळी सहालाच उठून दारापाशी खुर्ची घेऊन बसते, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा ठोठावावं लागू नये. तरी तो दोनदाच ठोठावतो, आणि माझा आवाज येईपर्यंत तिथून हलत नाही.